वीस वेळा लिहिलेला शब्द काउंटरवर का आठवत नाही?

प्रश्न असा आहे. कोल्हापुरात औषधाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ लिहितात की त्यांच्याकडे निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडून बरंच गिऱ्हाईक येतं आणि त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कानडीशिवाय काही येत नाही. म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्यांनी मोबाईलवरच्या अॅपमधून कानडी शिकायला घेतली. रोज दहा शब्द, प्रत्येक शब्द वीस वेळा लिहायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. रात्री सगळे तोंडपाठ असतात. आठ दिवसांनी निम्मेसुद्धा आठवत नाहीत, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की कानडीच्या जागी हिंदी बाहेर पडते. बायकोचं माहेर कानडी आहे, सासूबाई त्यांच्याकडेच असतात, चार वर्षांची मुलगी दोन्ही भाषा मिसळून बोलते. त्यांनी विचारलंय की चौतिशीतच स्मरणशक्ती कमी झाली का, मराठी आडवी येते का, आणि दोन भाषांनी मुलीचा गोंधळ होईल का.

दादा, माझं माहेर निपाणीचं. घरात कानडी, शाळा मराठी. लग्नानंतर गेली बावीस वर्षं मी राजारामपुरीत मोठ्या माणसांना बोलीतली कानडी शिकवते. बँकेतले लोक, नर्स, गुळाचे व्यापारी, एसटीचे कंडक्टर असे सगळे माझ्याकडे शिकून गेले. तुमची तक्रार त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकानं पहिल्या दोन-तीन महिन्यांत केली आहे, त्यामुळे स्मरणशक्तीची काळजी आधी सोडा.

तुम्ही ज्याला विसरणं म्हणता त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. काही शब्द मुळात बसलेच नाहीत. काही बसलेत, पण वेळेला हाताशी येत नाहीत. आणि काही ठिकाणी समोरचा माणूस जो शब्द बोलतो तो तुमच्या वहीत नाहीच.

या शेवटच्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. अॅपमध्ये पुस्तकी कानडी असते. डोकं म्हणजे ‘तले’, पोट म्हणजे ‘होट्टे’, घर म्हणजे ‘मने’. चिकोडीकडची आज्जी म्हणते ‘तली’, ‘होट्टी’, ‘मनी’. त्या भागात अशा शब्दांतला शेवटचा ए बोलताना इ होतो. ‘आहे’ला पुस्तकात ‘इदे’, तिकडे ‘ऐती’. आज्जी ‘तली’ म्हणाली आणि तुम्हाला कळलं नाही, तर तुम्ही काही विसरलात असं होत नाही. तो शब्द तुम्ही कधी ऐकलेलाच नव्हता. शिवाय तुम्ही वही देवनागरीत लिहीत असणार. कानडीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, आपल्या नेहमीच्या लिहिण्यात तो फरक दिसत नाही. ‘बेळे’ ऱ्हस्व ए-नं म्हटलं तर पीक, दीर्घ ए-नं म्हटलं तर डाळ. जोडाक्षरानंही अर्थ बदलतो: ‘हालु’ म्हणजे दूध, ‘हल्लु’ म्हणजे दात, ‘कालु’ म्हणजे पाय, ‘कल्लु’ म्हणजे दगड. डोळ्यांनी वाचून पाठ केलेला शब्द कानाला ओळखता येत नाही, त्याचं हे मोठं कारण. प्रत्येक शब्द एकदा तरी त्या भागातल्या माणसाच्या तोंडून ऐका, मगच तो वहीत घ्या.

आता वीस वेळा लिहिण्याबद्दल. माझ्याकडे एक नर्स यायची. कष्टाळू मुलगी. पहिल्या महिन्यात तिनं दोनशे पानी वही भरली आणि मला दाखवायला आणली. मी तिला समोर बसवून ‘उप्पु’ म्हणजे मीठ हा शब्द तिच्या पद्धतीनं लिहायला सांगितला. पहिल्या चार ओळी तिनं पूर्ण शब्द लिहिला. पाचव्या ओळीपासून काय झालं? तिनं पानावर वरून खाली नुसते ‘उ’ काढले, उ, उ, उ, सोळा वेळा, आणि मग परत वर जाऊन प्रत्येकापुढे ‘प्पु’ जोडत खाली आली. तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. लहानपणी शुद्धलेखन आपण सगळ्यांनी असंच उरकलंय. पान भरलं, पण त्या सोळा वेळांत ‘उप्पु’ हा शब्द तिच्या मनात एकदाही आला नव्हता. तोंडानं घोकण्याचंही तेच. ‘उप्पु’ सलग तीस वेळा म्हणून बघा, थोड्या वेळानं त्याचा अर्थच निघून जातो आणि नुसता आवाज उरतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पुन्हा पुन्हा करण्यानं शब्द बसतो हे खरंच आहे, पण ‘पुन्हा’ काय करायचं हे आपण चुकीचं धरलंय. पुन्हा बघायचं नाही, पुन्हा लिहायचं नाही. पुन्हा आठवायचं. शब्द मनातून ओढून बाहेर काढावा लागला, तरच ती खेप मोजायची.

यावर अभ्यास झालेले आहेत, आणि मला ते पटतात कारण वर्गात रोज तेच दिसतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थासह शिकवले. एकदा शब्द आला की काही जणांनी तो पुढे नुसता वाचत राहायचा, काहींनी तो पुन्हा पुन्हा न बघता आठवून सांगायचा. आठवड्यानं परीक्षा घेतली. आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, आठवणं थांबवलेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या जास्तीच्या वाचनानं काही फरक पडला नव्हता. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की, आठवड्यानं किती शब्द येतील याचा अंदाज विद्यार्थ्यांना विचारला तेव्हा सगळ्या गटांनी जवळपास सारखाच अंदाज सांगितला होता. आपली कुठली मेहनत फळणार आणि कुठली वाया जाणार, हे मेहनत करताना आतून कळत नाही. तुम्हाला रात्री सगळे शब्द तोंडपाठ वाटतात ते असंच. ते खोटं नाही, पण त्या रात्रीपुरतं आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं निरर्थक अक्षरजुळण्यांच्या याद्या स्वतःच पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली आणि १८८५ मध्ये ते सगळं छापलं. बारा जुळण्यांची यादी एका दिवसात ६८ वेळा घोकून त्याला दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा दिसला, तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून घेतलेल्या ३८ वेळांत मिळाला. तुमच्या वीस वेळा एका बैठकीत संपतात. त्याच वीस महिनाभर वाटल्या तर वीस लागणारसुद्धा नाहीत. हॅरी बारिक या मानसशास्त्रज्ञाच्या घरातल्या चौघांनी तर अनेक वर्षं परक्या भाषांतले प्रत्येकी ३०० शब्द घेऊन हे तपासलं. ५६ दिवसांच्या अंतरानं केलेल्या १३ उजळण्या या १४ दिवसांच्या अंतरानं केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीस तोड निघाल्या. अंतर मोठं असलं की शिकताना चुका जास्त होतात, मन खट्टू होतं, पण नंतर टिकतं. वर्गात मला सगळ्यात जास्त समजूत याच ठिकाणी काढावी लागते. मधे थोडं विसरायला वेळ दिला, की आठवताना जोर लागतो, आणि त्या जोरानंच शब्द मुरतो.

आता मराठी आडवी येते का? याचं एका वाक्यात उत्तर देता येणार नाही.

१९६०च्या दशकात पॉल कोलर्स यांनी फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणाऱ्यांना मिश्र याद्या वाचायला दिल्या. एखादी वस्तू यादीत चार वेळा येई, पण दोनदा एका भाषेत आणि दोनदा दुसऱ्या. लक्षात राहण्याच्या दृष्टीनं हे एकाच भाषेत चार वेळा आल्यासारखंच ठरलं. म्हणजे मनाच्या हिशोबात अर्थ जमा होतो, मग तो कुठल्याही भाषेतून येवो. पुढे १९८१ मध्ये अॅलन पायविओ आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी अशाच द्विभाषिक लोकांना काही शब्द नुसते उतरवायला दिले, काहींचं भाषांतर करून लिहायला सांगितलं आणि काही ठिकाणी चित्र दाखवून नाव लिहायला सांगितलं. नंतर अचानक विचारलं, काय काय आठवतंय? चित्रावरून लिहिलेले सगळ्यात जास्त, भाषांतर केलेले त्याखाली, आणि नुसते उतरवलेले सगळ्यात कमी.

या लोकांना दोन्ही भाषा आधीपासून येत होत्या, तुम्ही नवा शब्द शिकताय, एवढा फरक ध्यानात ठेवा. पण त्यातून माझ्या वर्गाला उपयोगी पडलेली गोष्ट अशी: ‘उप्पु म्हणजे मीठ, उप्पु म्हणजे मीठ’ असं वीस वेळा लिहिलं की पक्का होतो तो मिठाचा अर्थ, आणि तो तर तुम्हाला आईच्या मांडीवरच आलाय. ‘उप्पु’ या आवाजाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. अर्थाला मराठीचा आधार आहे, त्याला मेहनत नको. मेहनत हवी ती नवा आवाज मनातून ओढून काढायला. म्हणून ‘मराठीत विचारच करू नका’ हा सल्ला मी नवख्या माणसाला कधी देत नाही. सुरुवातीला नवा शब्द मराठीच्या खांद्यावर बसूनच येतो. वापर वाढला की तो आपोआप उतरून चालायला लागतो. फक्त मराठी शब्द वाचून कानडी शब्द *झाकलेला* असला पाहिजे. दोन्ही शेजारी-शेजारी दिसत असतील तर तो अभ्यास नाही.

मराठी खरी आडवी येते ती सारख्या आवाजाच्या शब्दांत. मघाशी सांगितलेल्या नर्सचाच प्रसंग. एका आज्जींनी सांगितलं, “कालु नोवु.” नोवु म्हणजे दुखणं, हे तिला माहीत होतं. तिनं कागदावर लिहिलं, ‘कालपासून दुखतंय’, आणि विचारत राहिली की कुठं दुखतंय. आज्जी बिचाऱ्या पाय पुढे करून पुन्हा तेच सांगत होत्या. घरी आल्यावर ती रडकुंडीला आली होती. पण त्या दिवसानंतर ‘कालु’ ती जन्मात विसरणार नाही, आणि तिचा प्रसंग ऐकलेले माझे पुढचे सगळे विद्यार्थीही विसरले नाहीत. असे शब्द टाळू नका, समोरासमोर आणा. ‘मूगु’ म्हणजे नाक, मूग नव्हे. ‘बायि’ म्हणजे तोंड, बाई नव्हे. ‘हालु’ म्हणजे दूध, हाल नव्हेत. मराठी शब्दाला मुद्दाम अडकवलेला शब्द जास्त घट्ट बसतो. आणि कितीतरी शब्द तर आपल्याच घरचे आहेत. तूप तिकडे ‘तुप्प’, साखर तिकडे ‘सक्करे’. अक्का आणि अण्णा तर दोन्हीकडे तेच. ‘ज्वर’, ‘रक्त’, ‘औषध’ हे तुमच्या दुकानातले शब्दही दोन्हीकडे एकच. एवढे तुम्हाला न शिकताच येतात, तेवढ्यानं हुरूप येऊ द्या.

घोटाळा होतो तो एकाच जातीचे शब्द एकाच दिवशी शिकल्यानंसुद्धा. ‘निन्ने’ म्हणजे काल आणि ‘नाळे’ म्हणजे उद्या हे दोन्ही मी एका दिवशी कधीच शिकवत नाही. आधी ‘नाळे’, ते पक्कं झाल्यावर आठवड्यानं ‘निन्ने’. तुमचं अॅप शरीराचे दहा अवयव एकदम देत असेल तर ते तोडून घ्या.

हिंदी का बाहेर पडते? आपण ‘आता मराठी बोलायची नाही’ असं ठरवलं की मनात बिनमराठीचा जो सगळ्यात वापरातला रस्ता असतो तो आधी उघडतो. तुमच्याकडे तो हिंदीचा आहे. शब्द म्हणजे गोठ्याकडची पायवाट, जिच्यावर ये-जा जास्त ती रुंद. आणि दोन भाषा बोलणाऱ्याची प्रत्येक पायवाट थोडी कमी तुडवलेली असते, कारण दिवसाचं बोलणं दोन भाषांत वाटलं जातं. ‘अगदी ओठांवर आहे पण येत नाही’ हा अनुभव द्विभाषिकांना जास्त येतो, हे तामार गोलान यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलंय. मी माहेरी आठ दिवस राहून आले की सासूबाईंसमोर मला ‘उलथनं’ आठवायचं नाही, तोंडात ‘सट्टुग’च यायचं. उलट विजेचं बिल, बँक, शाळेची फी यांबद्दल आजही मला कानडीत धड बोलता येत नाही, कारण ते सगळं मी मराठीतच केलं. यात स्मरणशक्तीचा दोष नाही. ज्या जागी जो शब्द वापरला, तो त्या जागी मिळतो.

म्हणून शब्द काउंटरवरच वापरा. गिऱ्हाईक पायरी चढताना पहिला शब्द कानडीतच काढा: “बर्री, एन बेकरी?” म्हणजे या, काय हवंय. मराठी कानाला त्यात बेकरी ऐकू येते, त्यामुळे हे वाक्य कुणी विसरत नाही. पहिलं वाक्य कानडीत पडलं की मागोमाग कानडीच येते. मग ‘यारिगे’ म्हणजे कुणाला, ‘एष्टु दिन’ म्हणजे किती दिवस. सुटे दहा शब्द शिकण्यापेक्षा रोज लागणारी अशी दोन वाक्यं घ्या.

रोजचं काम असं करा. तुमच्या दुकानात औषधांच्या रिकाम्या खोक्यांना तोटा नाही. पाच खोकी घ्या. जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापा, एका बाजूला मराठी किंवा छोटं चित्र, मागे कानडी. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात. मराठी बाजू बघून कानडी मोठ्यानं म्हणायची, मगच उलटायची. आठवायला पाच-सात सेकंद तरी द्या, लगेच उलटू नका. चुकीचं आलं तरी चालेल, लगेच बरोबर बघितलं की झालं. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिलं खोकं रोज, दुसरं दोन दिवसांनी, तिसरं आठवड्यानं, चौथं पंधरा दिवसांनी, पाचवं महिन्यानं. नवे शब्द दिवसाला पाच-सहाच्या वर नकोत.

ही अंतरं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. ज्याला दिवसभर कानडी कानावर पडते त्याला खोकी लवकर रिकामी करता येतात. ज्याला आठवड्यातून एकदा कानडी माणूस भेटतो त्यानं अंतर कमी ठेवावं. तुम्ही दोघांच्या मधले आहात. गिऱ्हाईकांचे आठ-दहा दिवस बघा आणि ठरवा. वयाचं म्हणाल, तर साठीतले व्यापारी माझ्याकडे शिकलेत. त्यांचे उच्चार तरुणांइतके साफ होत नाहीत, पण शब्द राहतात, कारण ते बाजारात रोज वापरतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. औषधाच्या मात्रेचं काम आहे, तिथे नव्या कानडीवर विसंबू नका. ‘दिनक्के एरडु सल’ म्हणजे दिवसातून दोनदा. ‘ऊटक्के मोदलु’ म्हणजे जेवणाआधी. ‘ऊट आद मेले’ म्हणजे जेवण झाल्यावर. हे जरूर बोला, पण पाकिटावर खूण करा, बोटांनी दाखवा, आणि गिऱ्हाइकाकडून ते परत म्हणवून घ्या. बरोबर कुणी मराठी जाणणारं असेल तर त्यालाही सांगा.

मुलीची काळजी नको. चार वर्षांचं मूल दोन भाषा मिसळतं, कारण त्या क्षणी जो शब्द हाताशी आला तो ते वापरतं. नुसते मराठी शब्द मोजलेत तर शेजारच्या मुलापेक्षा कमी भरतील, दोन्ही भाषांतले मिळून मोजा. तिच्याशी आई आणि आज्जी कानडीत बोलतात ते तसंच चालू द्या. बोलायलाच उशीर होत असेल किंवा दोन्ही भाषांत ती मागे वाटत असेल, तरच तज्ज्ञांना दाखवा. त्याचं कारण दोन भाषा नसतात. आणि दोन भाषांनी डोक्यावर भार येतो असं कुणी म्हणालं, तर हैदराबादच्या सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम सांगा. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांत द्विभाषिकांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, न शिकलेल्या लोकांतही. भाषेमुळेच तसं झालं असं एवढ्यावरून मी म्हणणार नाही, पण भाराचा दावा मात्र त्यापुढे टिकत नाही.

तुमच्या घरात तर आयती शिक्षिका आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा एका ओळीपलीकडे उल्लेखही केला नाहीत. सासूबाईंना विचारा, रोज संध्याकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं माझ्याशी फक्त कानडीत बोलाल का. त्यांचं गाव नेमकं कुठलं तेही विचारून घ्या. चिकोडी-हुक्केरीकडचं असेल तर चिठ्ठ्यांच्या मागचे शब्द त्यांच्याकडूनच वदवून घ्या आणि अॅपमधले खोडा. मुलीलाही शेजारी बसवा. आणि आज रात्री वहीत नवं काही लिहू नका. पहिल्या दिवसाचं पान हातानं झाका, एकेक मराठी शब्द उघडून त्याचं कानडी आठवा. जे येतील त्यांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या खोक्यात, जे येणार नाहीत त्यांच्या पहिल्यात.